गिरणीसमोरचे पट्टे

लातूर, १६ ऑक्टोबर

महामाया, जयभीम.

नांदेडहून अहमदपूर, चाकूर करत लातूरपर्यंत आलीस, स्टँडवरून रिक्षा केलीस, आपल्या घरासमोर उतरलीस आणि रस्त्याच्या पलीकडूनच परत गेलीस! इकडे मी दार सताड उघडं टाकून, अंबाडीची भाजी करून वाट बघत बसलो होतो. बस उशिरा असेल, चाकूरला थांबली असेल, असं मनाशी म्हणत होतो. जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून लोकांच्या गाड्यांचा हिशेब ठेवला आणि स्वतःची बायको आली कधी, गेली कधी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्या उमाबाईनं सांगितलं. "साहेब, बाई लई येळ पल्याड उभ्या होत्या की. म्या हात केला, त्यांनी बी केला. मंग रिक्षात बसल्या अन् गेल्या." मी तिला म्हणालो, हो हो, काम निघालं असेल. तिला ते खरं वाटलं नाही. मलाही नाही.

मग बुद्धप्रियाला फोन केला. आपली लेक दवाखान्यात नर्स असल्यामुळे असले निरोपही कोरड्या आवाजात सांगते. रिक्षावाला म्हणे चौकातून वळसा घालून दारात सोडतो म्हणत होता, तूच नको म्हणालीस. "दारात उतरून पुढं काय? उद्या पल्याड जायचं म्हटलं तर रिक्षा करू का? हे घर न्हाई, कोठडी हाय." असं म्हणालीस ना? लेकीनं तुझा स्वरही काढून दाखवला.

तुझी भीती मला कळते. क्लासला उशीर झालेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलनं तुला उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लेक तुला नांदेडला घेऊन गेली तेही बरंच केलं. पण तू म्हणतेस घर विकून तुम्हीपण इकडंच या, तिथं माझं गाडं अडतं. जळकोट, उदगीर, अहमदपूर करत बदल्यांत दिवस काढले, तेव्हा कुठे हे घर झालं. तू अशी परत गेल्यावर फोनवर मी चिडून म्हणालो, "रस्ता सगळ्यांनाच असतो, एवढं काय," आणि तू फोन ठेवलास. तो ठेवलास ते ठेवलासच.

म्हणून हे पत्र. फोनवर नाहीतरी धड बोलता येत नाही. तो स्पीकरवर असतो, मध्ये जावई खोकतो, नात म्हणते आजोबा ओरडू नका. मी ओरडत नाही, माझा आवाजच स्टँडवरचा आहे.

एक बातमी. महानगरपालिका आपला रस्ता नव्यानं आखणार आहे. परवा विहारात बैठक झाली. देविका नावाची मुलगी आली होती, वाहतूक नियोजन शिकलेली, आपल्या लातूरचीच. म्हणाली, "आजवर रस्ता गाड्यांसाठी आखला, आता चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी, बसनं जाणाऱ्यांसाठी आखू." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला. मी मात्र उभा राहून विचारलं, "माझ्या बायकोला रस्ता ओलांडता येईल का, तेवढं सांगा." तुझं नाव चारचौघांत काढलं म्हणून रागावू नकोस.

धम्मानंद


लातूर, ९ नोव्हेंबर

महामाया,

तुझं उत्तर नाही. बुद्धप्रिया म्हणाली, आईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. उशीखाली ठेवलं म्हणजे फाडलं नाही, एवढ्यावर मी हे दुसरं लिहायला बसलो आहे.

माझ्या हातून एक गोंधळ झालाय. तू ऐकशील तर पोट धरून हसशील, म्हणूनही सांगतो.

देविकाला पाहणी करायची होती, की आपल्या गल्लीतली माणसं कुठून कुठं जातात, रस्ता कुठं ओलांडतात. तिनं विचारलं, मदत कोण करील? मी हात वर केला. माझ्यापेक्षा लायक माणूस तिला कुठं मिळणार होता? स्टँडवर उभं आयुष्य मी एकच प्रश्न विचारला, "कुठं जायचंय?"

सकाळी कागद, पेन घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. पहिली शिकवणीवाल्या सरांची बायको आली. मी खणखणीत आवाजात विचारलं, "कुठं चाललात?" ती जागच्या जागी थबकली. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या वाटेत पाणी सांडलंय. तशीच मागं फिरली, घरात जाऊन बसली, पाणी प्याली आणि मग पुन्हा निघाली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना! दुसरीला विचारलं. ती म्हणाली, "कुठं न्हाई, हितंच." तिसरी म्हणाली, "कुठं बी न्हाई." हातात पिशवी, डोक्याला रुमाल, पायात चप्पल, आणि कुठं बी न्हाई! मी आपला इमानेइतबारे लिहीत गेलो, कुठेही नाही, कुठेही नाही.

घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला "कुठं" म्हणून विचारू नये, हे माझ्या आईनं मला चड्डीत असताना शिकवलं होतं. काम होत नाही म्हणतात. आपण बाबासाहेबांची माणसं, असल्या शकुन-अपशकुनाला मानत नाही, पण जिभेला लागलेलं वळण कुठं जातं? तूच बघ, इतकी वर्षं संसार केला, मी निघताना तू कधी "कुठं" म्हणालीस? "येताय ना लवकर?" एवढंच. स्टँडवर मात्र तो प्रश्न चालतो, तिथं तो विचारण्याचा पगारच मिळतो. मी स्टँड गल्लीत घेऊन आलो, ही माझी चूक.

उमाबाई शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, सकाळच्या पारी सगळ्यांला कुठं कुठं करून राहिलात, कुनाचं काम व्हायचं न्हाई आज." तेव्हा माझी ट्यूब पेटली.

पण उशीर झाला होता. देविकानं कागद जुळवले आणि बिचारी ओशाळून म्हणाली, "काका, तुमच्या गल्लीतल्या बायका कुठंच जात नाहीत असं निघतंय." कार्यालयातल्या साहेबांना तेच हवं होतं. कुणी ओलांडतच नाही, तर मध्ये पट्टे कशाला? पट्टे चौकात मारा, ज्याला जायचं तो जाईल चौकापर्यंत. चौक आपल्या घरापासून किती लांब आहे, ते तुझ्या पायाला विचारावं.

दोन दिवस मी जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण तू ओळखशील. जेवलो. चव मात्र नव्हती.

धम्मानंद


लातूर, ३० नोव्हेंबर

माया,

आज लिहिताना हात थांबत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. सरांची बायको परत येत होती, दोन्ही हातांत पिशव्या. त्या सकाळचं मनात होतं, म्हणून माफी मागावी म्हटलं. तिला बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "कुठून आलात?"

अगं, धरणाचं दारच उघडलं! कुठून आली, कुठल्या रस्त्यानं आली, कुठं खड्डा, कुठं कुत्री, भाजी कुठं घेतली, रस्ता कुठं ओलांडला आणि ओलांडताना काळीज कसं तोंडात आलं, सगळं. जाणाऱ्याला विचारायचं नाही, पण आलेल्याला सांगायचंच असतं! मी देविकाला बोलावून घेतलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं संध्याकाळी ओट्यावर बसतो, पाण्याची घागर ठेवतो आणि येणाऱ्याला विचारतो, कुठून आलात? ती ऐकता ऐकता नकाशावर रेघा ओढते. कुणी "न्हाई" म्हणत नाही. उलट उठायला तयार नसतात.

देविकाच्या नकाशावर सगळ्या रेघा एकाच जागी रस्ता ओलांडतात. चौकात नाही. उमाबाईच्या गिरणीसमोर, जिथं दुभाजक तुटलाय तिथं.

पण मला तुझ्याविषयी लिहायचंय. प्रत्येक बाई पाणी पिता पिता तुझं नाव काढते. "महामायाबाई असत्या तर..." तिथून सुरुवात. त्यातून मला कळलं की गल्लीतल्या म्हाताऱ्या कोंडाबाईच्या रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून तू आणत होतीस. पलीकडच्या नीलम्माच्या डोक्याला तेल लावून द्यायला जात होतीस, कारण तिचे हात वर जात नाहीत. आणि रोज दुपारी पलीकडच्या अंगणवाडीत पोरांना गाणी म्हणून दाखवत होतीस! पोरं अजून विचारतात म्हणे, गाण्याची आजी कधी येणार.

मला वाटत होतं तू दुपारी झोपतेस.

हसू नकोस. मला खरंच तसं वाटत होतं. माझी दुपार स्टँडवर जायची आणि तुझी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असायची. आता कळलं, तू कोठडी का म्हणालीस. मी समजत होतो तुला गाड्यांची भीती बसलीये. तुझी तर सगळी दुपारच त्या बाजूला राहिली. नकाशावरची तुझी रेघ देविकानं हिरव्या पेन्सिलीनं काढली. मी ती बराच वेळ बघत होतो आणि मला तुझी फार आठवण आली.

तुझा धम्मानंद


लातूर, १२ जानेवारी

माया,

तुझं पत्र आलं, त्याला महिना होत आला; इथल्या धांदलीत उत्तर राहिलं! चार ओळींचं, पण आलं. मी ते उमाबाईला वाचून दाखवलं, कोंडाबाईला वाचून दाखवलं. पहिली ओळ सोडून, ती माझ्यापुरती ठेवली.

"पोरांचं लिहू नका, रडू येतं," असं लिहितेस आणि लगेच खाली, "पट्टे नुसते रंगवून काय उपयोग? मला फूटपाथची पायरी उतरता येत नाही." हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तसंच्या तसं देविकापुढं ठेवलं. तिनं कपाळावर हात मारला, मग कागद ओढून घेतला. आता गिरणीसमोर रस्ताच फूटपाथएवढा उंच करायचा, रुंद, सपाट. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकाच पातळीवर चालत जायचं. माणसानं उतरायचं नाही, गाडीनं चढायचं. चढायचं म्हणजे वेग कमी करावाच लागतो.

कोंडाबाई ओट्यावरच होती. तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आरं धम्मानंदा, आमच्या गावाकडं मोठी मानसं समोरून आली का आमाला वाट सोडून खाली नाल्यात उतरावं लागायचं. डोक्यावर भारा असला तरी. माजी आई उतरायची, म्या बी उतरले. आन् आता मह्यासाठी गाडी चढनार व्हय?" मी म्हणालो, हो मावशी, चढणार. ती पदरानं तोंड पुसत बसली. देविका खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिली.

आता विघ्न सांगतो. विघ्नाचं नाव बसलिंगप्पा. आपला किराणावाला, माझा इतक्या वर्षांचा दोस्त. उंचवटा त्याच्या दुकानासमोर येतो, म्हणजे गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली तिथं लावता येणार नाहीत. "धम्मानंद, तू दोस्त हाईस का दुश्मन? गिऱ्हाईक गाडी लावल्याबिगर साखर बी घेत न्हाई." त्यानं इतर दुकानदार गोळा केले, सह्या झाल्या, साहेबांनी काम थांबवलं. आम्ही दोघांनी बोलणं टाकलं. मी साखर चौकातून आणायला लागलो आणि तो मला जाताना बघून मुद्दाम खोकायचा.

देविका म्हणाली, भांडू नका, आठवडाभर करून बघू. रंगवलेले ड्रम ठेवले, जाड फळ्या आणि माती टाकून तात्पुरता उंचवटा केला, सिटीबसचा थांबा चौकातून गिरणीपाशी आणला, एक बाक टाकला. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. बसलिंगप्पा गल्ल्यावर बसून मिशीत हसत होता.

दुसऱ्या दिवशी नीलम्मा आली. त्याची आई! पलीकडं घर, अलीकडं पोराचं दुकान, पण कित्येक वर्षं तिनं दुकानाची पायरी पाहिली नव्हती. काठी टेकत आली, मधोमध थांबली, दोन्हीकडच्या गाड्यांवर नजर टाकली आणि पुढं चालायला लागली. दुकानात शिरली ती थेट गल्ल्याशेजारी बसली. तूरडाळीत हात घातला आणि म्हणाली, "ही कसली रे डाळ? तुझ्या अप्पानं असली कधी विकली न्हाई."

आता ती रोज येते. तिच्याभोवती बायका जमतात, जमल्या की काही ना काही घेतात. काल बसलिंगप्पा स्वतः आपल्या ओट्यावर आला. इकडं तिकडं बघत म्हणाला, "ते ड्रम काढू नका म्हनाव. अव्वा उद्या आली न्हाई तर मला करमायचं न्हाई." मी त्याला चहा दिला. साखर जरा जास्तच घातली.

तुझा धम्मानंद


लातूर, २० फेब्रुवारी

माया,

उंचवटा पक्का झाला. पांढरे पट्टे मारले. दुभाजकात मध्ये दोन माणसं थांबतील एवढी जागा ठेवली आहे, म्हणजे एका दमात पलीकडं जायची घाई नाही. तू जसं चालतेस तसा मी सकाळ-संध्याकाळ चालून बघतो, काठी घेऊन, उजवा पाय जरा ओढत. लोकांना वाटतं मला काहीतरी झालंय.

तुला फसवून बोलावणार नाही, म्हणून खरं तेही सांगतो. सगळे थांबत नाहीत. क्लासची बरीचशी पोरं वेग कमी करतात, काही हातानं "जा" म्हणतात, एखादा गाढव तसाच उडी मारून जातो. फूटपाथवर एक अंडाभुर्जीचा गाडा आला होता, त्याला उमाबाईनं हुसकावलं. देविका म्हणते, रस्ता एकदा आखून भागत नाही काका, रोज राखावा लागतो.

आता जे लिहायला एवढे महिने लागले ते लिहितो.

तुला आताही या रस्त्यावर पाय टाकवत नसेल तर येऊ नकोस. मीच नांदेडला येतो. पट्टे झाले म्हणून तू आलंच पाहिजेस, असं माझ्या मनात नाही. मी घर-घर करत बसलो, पण तू गेल्यापासून मी इथं फक्त मुक्कामाला आहे. भाकरी थापतो, एकच थापतो, तीही अर्धी उरते. रात्री कूस बदलून काहीतरी सांगायला जातो आणि भिंत दिसते. मला तुझ्याशिवाय राहता येत नाही, माया. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तुला तोंडानं कधी म्हणालो नाही. तोंडानं म्हटलं असतं तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं.

घर विकायचं तर विकू. तू सांग तसं. फक्त काहीतरी सांग.

तुझाच
धम्मानंद


लातूर, ८ मार्च

माया,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. चहाच्या कपाखाली ठेवतोय, आलीस की दिसेल.

काल तू आलीस. मी दारात, तू पलीकडं, बुद्धप्रिया बॅग घेऊन पुढं आलेली. मी धावत तुला आणायला निघालो तर तू तिथूनच हात वर केलास. "थांबा तिथंच!" ज्याच्या शिट्टीवर गाड्या थांबायच्या तो माणूस मुकाट उभा राहिला. गिरणी बंद करून उमाबाई बाहेर आली, बसलिंगप्पा दुकानातून उतरला. तू काठी टेकलीस, पहिलं पाऊल टाकलंस. मधल्या जागेत थांबलीस. एक मोटारसायकल आली, हळू झाली, थांबली. तू त्या पोराकडं नीट बघून घेतलंस आणि चालत आलीस. सगळे बघत होते म्हणून मी रडलो नाही. तू जवळ येऊन म्हणालीस, "असं काय बघता? वाळलात किती."

सकाळी बुद्धप्रिया नांदेडला परत गेली. तू दुपारी जेवलीस, भांडी आवरलीस, साडी बदललीस आणि निघालीस. नीलम्माकडं की अंगणवाडीत, काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

आता ऊन उतरलंय आणि तू आली नाहीस. इतके महिने या घरात एकटा होतो, आत्ताही एकटाच आहे, पण आज मला गाणं म्हणावंसं वाटतंय. मधूनमधून दारापर्यंत जाऊन येतो. मघाशी पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला, त्यात तुझा आवाज होता की काय, नक्की कळलं नाही.

भाकरीचं पीठ मळून ठेवलंय. आज दोन थापायच्या आहेत. मला भूक लागलीये, पण तेवढं काही नाही.

सावकाश ये.